गोष्ट मध्येच थांबवा : लेकरांच्या पुस्तकांतून हातकाम आणि स्वयंपाक

गोष्ट वाचून संपली की 'आता यावर काहीतरी करा' असं सांगायची पद्धत आहे. त्यातून बहुतेक वेळा दोन डोंगर, मधला सूर्य आणि एक झोपडी एवढंच निघतं. गोष्ट संपलेली असते, तिला लेकरांच्या हातांची गरज उरलेली नसते. त्यापेक्षा गोष्ट अडते तिथे पुस्तक बंद करा. म्हातारीला लेकीकडून घरी परतायचंय आणि वाटेत वाघ बसलाय. इथे थांबा. आता गाडी बनवायलाच हवी, आणि ती चालली तरच पुढचं पान उलटायचं.

घरी, सोसायटीच्या हॉलमध्ये किंवा शाळेच्या वाचनतासाला हे पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी पुढची सगळी मापं आणि प्रमाणं दिली आहेत. नागपूरचं ऊन, नागपूरचा पावसाळा आणि इथे सहज मिळणारं सामान धरूनच ती ठरवली आहेत.

पुस्तक कसं निवडायचं

पुस्तक हातात घेतलं की चित्रं बघण्याआधी क्रियापदं बघा. गोष्टीत कुणी काही बांधतं, लपवतं, शिजवतं, ओढून नेतं, पाण्यातून वाचवतं का? तसं एखादं पान सापडलं की पुस्तक कामाचं. नुसतं रुसणं, आठवण येणं, मैत्री होणं असेल तर ते पुस्तक वाचायला सुंदर असेल, पण त्यात ओढूनताणून हातकाम घालू नका. ते वाचूनच सोडा.

चिऊ-काऊ, म्हातारी आणि भोपळा या लोककथांची सचित्र पुस्तकं बहुतेक घरांत असतात. नसली तरी आजीला गोष्ट पाठ असते, तेही चालतं. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मराठी चित्रपुस्तकं मोफत वाचता येतात आणि छापूनही घेता येतात. बालभारतीचं 'किशोर' मासिक १९७१ पासून निघतंय, त्याचे जुने अंकही ऑनलाइन चाळता येतात.

एका मोठ्या माणसामागे पाच ते दहा वयाची सहा लेकरं, यापेक्षा जास्त नकोत. वाचनाला दहा मिनिटं, हातकामाला चाळीस, आवरायला दहा. आवरणं वेळेत धरलं नाही तर सगळा पसारा तुमच्या अंगावर पडतो आणि दुसऱ्या वेळी उत्साह राहत नाही. एप्रिल-मे असेल तर सकाळी आठ ते दहा हीच वेळ ठेवा. दुपारी फेव्हिकॉल डबीतच साय धरतो आणि लेकरंही चिडचिडी होतात.

खळ : सगळ्यात आधी हीच शिका

बाजारच्या गोंदापेक्षा घरची खळ (काही घरांत लई म्हणतात) स्वस्त पडते आणि लेकरांनी बोट चाटलं तरी धसका नसतो. एक वाटी मैदा एक वाटी गार पाण्यात गुठळ्या मोडून कालवा. तीन वाट्या पाणी उकळा, आच मंद करा आणि कालवलेला मैदा धार धरून ओता. ढवळत राहा. तीन-चार मिनिटांत पांढरा दुधी रंग जाऊन खळ किंचित पारदर्शक, चकचकीत दिसू लागते. तेव्हाच उतरवा. रंग पांढराच असताना उतरवलेली खळ कच्ची असते. ती वाळल्यावर पापुद्र्यासारखी सुटते आणि कागद उघडे पडतात.

पावसाळ्यात खळ दुसऱ्या दिवशी आंबते. उतरवताना अर्धा चमचा तुरटीची पूड घातली तर फ्रिजमध्ये चार दिवस टिकते. तुरटी घातलेली खळ मात्र चाटायची नाही, हे आधीच सांगून ठेवा. जिल्दसाजी करणारे खळीत मोरचूद घालतात. ते विषारी असतं, लेकरांच्या खळीत चिमूटभरही नको.

बाकी सामान साधंच : जाड ड्रॉइंग शीट, रद्दी, खोक्यांचा पुठ्ठा, सुतळी, जाड सुई, भाजीच्या काड्या नव्हेत तर कबाबाला वापरतात त्या बांबूच्या काड्या, कागदी स्ट्रॉ, बाटल्यांची झाकणं. ड्रॉइंग शीट आणि कार्डपेपर सीताबर्डीत सुटा मिळतो. वीस-पंचवीस लेकरांचं सामान एकदम घ्यायचं असेल तर इतवारी-गांधीबागेकडे जा.

टुणकणारा भोपळा

वाघ म्हातारीची वाट बघतोय त्या पानावर थांबलात. लेकरांना एवढंच विचारा : 'आत माणूस बसेल आणि बाहेरून दिसणार नाही, अशी गाडी कशी करायची?' दोन मिनिटं त्यांचं ऐका. मग पट्ट्या काढा.

जाड ड्रॉइंग शीटच्या २ सेंटिमीटर रुंद, ३० सेंटिमीटर लांब अशा आठ पट्ट्या हव्यात. आठही एकाच लांबीच्या असणं हा या कामाचा प्राण आहे. एखादी पट्टी अर्धा सेंटिमीटर कमी पडली तर भोपळा त्या बाजूला बसका होतो आणि गोल फिरून तिथेच थांबतो. म्हणून सगळ्या पट्ट्या एकावर एक ठेवून टोकं एकदम कापा, आणि दोन्ही टोकांपासून एक सेंटिमीटरवर दाभणाने एकदमच भोकं पाडा. दाभण मोठ्यांच्या हातात.

१. सुतळीचा दोरा सुईत ओवा, टोकाला मणी बांधा. आठही पट्ट्यांच्या एका बाजूच्या भोकांतून दोरा काढा. मणी बाहेर राहिला पाहिजे, नाहीतर गाठ भोकातून निसटते.

२. आता दोऱ्यात स्ट्रॉचा दोन सेंटिमीटरचा तुकडा ओवा. हा विसरू नका, म्हातारी त्यालाच लटकणार आहे.

३. पट्ट्यांच्या दुसऱ्या टोकांतून दोरा काढा, दुसरा मणी ओवा, पण गाठ मारू नका.

४. पट्ट्या पंख्याच्या पात्यांसारख्या सगळीकडे सारख्या पसरवा.

५. दोरा हळूहळू ओढा. आधी अंड्यासारखा लांबट, मग गोल, मग वरून-खालून दबलेला आकार येतो. दोन टोकांत बारा सेंटिमीटर अंतर उरलं की थांबा, गाठ मारा. चेंडू नको, भोपळा हवा. तो चपटाच असतो.

म्हातारी कागदाची, सात सेंटिमीटरपेक्षा उंच नाही. डोक्याला दोऱ्याचा फास लावून ती स्ट्रॉच्या तुकड्याला बांधा आणि पायाशी भिजवलेल्या कणकेची सुपारीएवढी गोळी चिकटवा. आता भोपळा मणी डाव्या-उजव्या बाजूला येतील असा आडवा धरा आणि तिरक्या पाटावरून सोडा. भोपळा फिरतो, स्ट्रॉ दोऱ्यावर सैल असल्यामुळे घसरत राहते, आणि पायाच्या वजनामुळे म्हातारी सरळच्या सरळ. हे पहिल्यांदा दिसतं तेव्हा लेकरं जमिनीवर पालथी पडून आत डोकावतात.

म्हातारी भोपळ्याबरोबर गरगर फिरली तर दोनच कारणं असतात : स्ट्रॉवर गोंद सांडून ती दोऱ्याला चिकटली, किंवा पायाचं वजन कमी आहे. म्हातारी पट्ट्यांना घासत असेल तर ती उंच झाली, फास आखूड करा. पाटाचा उतार फार नको. पाटाखाली एका बाजूला चार पुस्तकं पुरतात. जास्त उतारावर भोपळा घरंगळायच्या ऐवजी घसरतो.

आणखी एक गंमत मुद्दाम दाखवा. आठ पट्ट्यांचा भोपळा गडगडत जात नाही, प्रत्येक पट्टीवर ठेचकाळत टुण टुण करत जातो, कारण कडेने बघितलं तर तो अष्टकोन असतो. बारा पट्ट्यांचा केला तर गडगडतो. दोन्ही करून शेजारी शेजारी सोडा आणि गोष्टीतला कुठला ते लेकरांना ठरवू द्या.

फुग्यावर कागद चिकटवून केलेला लगद्याचा भोपळा जास्त भरीव दिसतो, पण तो चार दिवसांचा उद्योग आहे. रद्दीचे फाडलेले (कापलेले नव्हे, फाटक्या कडा एकमेकींत मुरतात) तुकडे खळीत बुडवून तीन थर द्या, प्रत्येक थर पूर्ण वाळल्यावरच पुढचा. नागपूरच्या उन्हात फुगा वाळवायला ठेवला तर आतली हवा फुगते, ओला कागद तडकतो, कधी फुगाच फुटतो. पंख्याखाली सावलीत वाळवा. जुलै-ऑगस्टमध्ये हा प्रकार टाळलेलाच बरा. थर वाळत नाहीत, तिसऱ्या दिवशी आतून बुरशीचा वास येतो.

कोहळ्याची बोंडं

आपल्याकडे लाल भोपळ्याला कोहळं म्हणतात आणि त्याची बोंडं घरोघरी होतात. या गोष्टीला याच्याइतका जुळणारा खाऊ दुसरा नाही. कॉटन मार्केटला किंवा आठवडी बाजारात कापलेली फोड मिळते. गर गडद केशरी, घट्ट आणि कोरडा असलेली फोड घ्या. फिक्या, पाणचट कोहळ्याला कणीक जास्त लागते आणि बोंडं दडस होतात.

साल-बिया काढून पाव किलो गर, पाऊण वाटी बारीक चिरलेला गूळ, सव्वा ते दीड वाटी कणीक, दोन मोठे चमचे बारीक रवा, चिमूट मीठ, वेलची, थोडं जायफळ, एक चमचा तूप, तळायला तेल. यात पंचवीसेक लहान बोंडं होतात.

कोहळ्याच्या दोन सेंटिमीटरच्या फोडी करा. जाड बुडाच्या कढईत तुपावर टाका, झाकण ठेवा, मंद आचेवर बारा-पंधरा मिनिटं. पाणी घालू नका. कोहळ्याचं अंगचं पाणी पुरतं, बुडाला लागतंय वाटलं तर हबका मारा. फोड चमच्याने दबली की झाकण काढून तीन-चार मिनिटं परता, सुटलेलं पाणी आटू द्या. उतरवा. गरम असतानाच गूळ घाला म्हणजे तो विरघळतो. मग थोडं निवल्यावर परात लेकरांसमोर ठेवा. पळीने घोटणं हे त्यांचं काम. गुळाचा खडा कुठे राहिला ते बोटाने शोधायला सांगा, तो तेलात फुटून उडतो.

आता पूर्ण गार होऊ द्या. घाई इथेच होते. गरम गरात कणीक पडली की ती वाफेनेच अर्धवट शिजते, मिश्रण चिकट होतं आणि बोंडं आतून गिचका राहतात. गार झाल्यावर मीठ, वेलची, जायफळ, रवा आणि आधी सव्वा वाटी कणीक घाला. बोटांवर उचललं तर राहिलं पाहिजे आणि हात उलटा केला की सावकाश, एका गोळ्याने पडलं पाहिजे. लगेच ओघळलं तर उरलेली कणीक चमचा-चमचा घाला. वीस मिनिटं झाकून ठेवा, रवा फुलतो. या वीस मिनिटांत गोष्टीचं उरलेलं वाचून घ्या.

तळण मोठ्यांचं, आणि लेकरं ओट्यापासून लांब. तेलात वाटाण्याएवढं मिश्रण सोडून बघा. तळाशी जाऊन तीन-चार सेकंदांत बुडबुडे काढत वर आलं की तेल बरोबर तापलं. लगेच उसळून काळपटलं तर आच जास्त आहे. गुळामुळे बाहेरून रंग लवकर चढतो आणि आत कच्चं राहतं, म्हणून बोंडं लहान लिंबापेक्षा मोठी नकोत आणि आच मध्यमच्या खाली. चार-पाच मिनिटं लागतात. आधी एकच सोडा. ते तेलात पसरलं, फुटलं तर गूळ किंवा पाणी जास्त झालंय, दोन चमचे कणीक घाला. दगडासारखं झालं तर कणीक जास्त पडली, चमचाभर दूध घालून सैल करा. पहिल्यावर सुधारता येतं, कढईभर सोडल्यावर नाही.

तळण नको असेल तर अप्पेपात्र. मिश्रण दोन-तीन चमचे दुधाने सैल करा, चमच्याचा आठवा भाग खायचा सोडा घाला. गॅस लावायच्या आधी, थंड अप्पेपात्रात लेकरांकडून प्रत्येक खळग्यात अर्धा चमचा तूप आणि पाऊण खळगा मिश्रण भरून घ्या. मग मंद आच, झाकण, एका बाजूने पाच मिनिटं, उलटून तीन. चव तळलेल्या बोंडांची नाही येत, पण सगळं काम लेकरांच्या हातचं असतं, आणि लहान गटासाठी आम्ही हेच सुचवतो.

बिया फेकू नका. धुऊन, दोन दिवस वाळवून ठेवल्या तर पुढच्या आठवड्यात चिकटकामाला येतात.

शेणाचं घर, मेणाचं घर

ढग आलेत, पाऊस अजून पडलेला नाही. चिऊ-काऊच्या गोष्टीत इथे थांबायचं. दोन्ही घरं आज बांधायची आणि पाऊस आपण पाडायचा.

काऊच्या घरासाठी शेण मिळत असेल तर उत्तमच. शहरात ते जमत नसेल तर दोन वाट्या चाळलेली माती, एक वाटी बारीक रेती, मूठभर बारीक कुटार (भुसा). पाणी थोडं-थोडं घालून कणकेसारखं मळा. आपल्याकडची माती बहुधा काळी, कापसाची. ती ओली झाली की फुगते आणि वाळताना आक्रसते, म्हणून नुसत्या काळ्या मातीचं घर वाळताना हमखास तडकतं. रेती आक्रसणं कमी करते, कुटार भेगा धरून ठेवतं. पालथ्या वाटीवर ओलं फडकं घालून त्यावर दीड सेंटिमीटर जाडीचा थर थापा, अर्ध्या तासाने वाटी आणि फडकं अलगद काढा, दाराचं भोक पाडा. दोन दिवस सावलीत. उन्हात ठेवाल तर बाहेरून वाळतं, आतून ओलं राहतं आणि रेती-कुटार घालूनही भेगा पडतात. त्यामुळे मातीची घरं शनिवारी आणि पाऊस सोमवारी, असं ठरवा.

चिऊचं घर ड्रॉइंग शीटचं. चार भिंती आणि उतरतं छप्पर कापून, दुमडायच्या आधी सपाट असतानाच त्यावर पांढरी मेणबत्ती घासा. आधी उभी, मग आडवी, जोर लावून. उजेडाकडे तिरकं धरलं की मेण लागलेला भाग चमकतो आणि सुटलेला निस्तेज दिसतो. लेकरांनी हे स्वतः तपासायचं. मग दुमडून चिकटवा. गोंद मेणावर धरत नाही, म्हणून चिकटवायच्या कडांवर मेण लावायचं नाही. नेमकी हीच चूक सगळ्यात जास्त होते आणि घर उभंच राहत नाही.

मेण वितळवून त्यात कागद बुडवायचा मोह टाळा. वितळलेलं मेण कातडीला चिकटून भाजतं, आणि थेट आचेवर ठेवलं तर पेट घेतं. घासलेल्या मेणाने काम भागतं.

तिसरं एक घर तसंच कागदाचं, पण मेण न लावता करा. कुणीतरी चौकस लेकरू विचारतंच की 'ते मातीचं आणि हे कागदाचं, मग मेणाचं काय कौतुक?' त्याचं उत्तर या तिसऱ्या घरात आहे.

लिटरभराच्या बाटलीच्या झाकणाला तापल्या सुईने दहा-बारा भोकं पाडा. घरं परातीत ठेवा, फूटभर उंचीवरून पाऊस पाडा. साध्या कागदाचं घर पहिलं बसतं. मातीचं आधी काळपट होतं, मग दारापाशी ढासळतं, मग चिखल. मेणाच्या छपरावर पाण्याचे गोल टपोरे थेंब होतात आणि घरंगळून जातात. जिथे मेण सुटलं होतं तिथे कागदावर ओली रेघ उमटते. ती रेघ बघून 'इथे मी घाईत घासलं' हे लेकरू आपणहून सांगतं, तुम्हाला काही बोलावं लागत नाही.

मेणाचं घरही पंधरा मिनिटांनी तळातून भिजायला लागतं. कापलेल्या कडेला मेण नसतं आणि कागद तिथून पाणी वर शोषतो. घर चार झाकणांवर उचलून ठेवा, किंवा कडाही मेणाने घासा. हे आधी सांगू नका. पाणी कुठून चढतंय ते लेकरांना शोधू द्या.

मे महिन्यात करत असाल तर स्टीलच्या ताटलीत मेणबत्तीचा तुकडा दुपारी गच्चीवर ठेवा. पारा ४५च्या वर गेलेल्या दिवशी तापलेल्या ताटलीत मेण मऊ पडतं, वाकतं. चिऊचं घर पावसात टिकलं, पण नागपूरच्या उन्हाळ्यात टिकेल का, यावर दहा मिनिटांची चांगली चर्चा होते आणि काऊची बाजू घेणारेही निघतात.

खऱ्या चिमण्यांसाठी घरटं लावायचं असेल तर ते पुठ्ठ्याचं नको, पहिल्याच पावसात पडतं. लाकडी पेटी, तोंडाचं भोक ३२ मिलिमीटर, सावलीच्या भिंतीला, मांजर पोचणार नाही इतकं उंच. २० मार्चच्या चिमणी दिनाला लावता येतं, पण विणीच्या आधी, थंडीतच लावलं तर चिमण्यांना जागेची सवय होते.

तान्ह्या पोळ्याचा बैल

शेताची, बैलाची, बैलगाडीची कुठलीही गोष्ट पोळ्याच्या आधीच्या आठवड्यात काढा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो आणि लेकरांना सजवलेला बैल ओढत न्यायचा असतो, त्यामुळे गोष्ट मध्येच थांबवायला कारण शोधावं लागत नाही. लाकडी बैल बाजारात भरपूर मिळतात. स्वतः केलेला पुठ्ठ्याचा बैल ओळीत उभा करण्यात वेगळा रुबाब आहे.

खोक्याच्या जाड पुठ्ठ्यातून बैलाच्या दोन सारख्या बाजू कापा, २५ सेंटिमीटर लांब, १५ उंच. मध्ये आठ सेंटिमीटर रुंद पुठ्ठ्याचे तुकडे आडवे लावून पोट भरा. खाली २५ बाय १२ची पुठ्ठ्याची पाटी, त्यावर बैल.

अवघड काम चाकांचं. चार एकसारखी झाकणं घ्या. वेगवेगळ्या बाटल्यांची घेतली तर बैल लंगडतो. भोक बरोबर मध्यावर हवं : झाकण कागदावर ठेवून गोल काढा, कापा, दोनदा मधोमध घडी घाला, घड्या जिथे छेदतात तो मध्य झाकणावर उतरवा. भोक तापलेल्या दाभणाने, मोठ्यांनीच. पाटीखाली दोन स्ट्रॉ आडव्या चिकटवा, त्यांतून बांबूची काडी आरपार न्या, काडीच्या टोकांना झाकणं घट्ट बसवा. चाक काडीला पक्कं, काडी स्ट्रॉमध्ये मोकळी. गोंद स्ट्रॉच्या तोंडात शिरला की काडी अडते आणि बैल फरपटत जातो. झाकण आणि स्ट्रॉ यांच्यात दोन मिलिमीटर फट ठेवा. दोन्ही स्ट्रॉ एकमेकींना समांतर नसतील तर बैल सरळ न जाता वळतो.

ऑगस्टच्या दमट हवेत पुठ्ठा मऊ पडतो. फेव्हिकॉल आणि पाणी सम प्रमाणात करून दोन हात द्या, रात्रभर वाळू द्या, मग रंगवा. झूल जुन्या ब्लाउजपीसची, गळ्यात मण्यांची माळ, शिंगांना बेगड. दोरी शिंगांना नव्हे, पाटीच्या पुढच्या कडेला बांधा. शिंगांना बांधली की ओढताना बैल तोंडावर पडतो.

तान्ह्या पोळ्याच्याच दिवशी नागपुरात महाल-इतवारीकडून मारबतींची, म्हणजे वाईटाच्या मोठ्या बाहुल्यांची, मिरवणूक निघते. सोबत बडगे, म्हणजे बाप्या पुतळे असतात, आणि शेवटी ते जाळतात. त्यावरून एक उपक्रम करून बघण्यासारखा आहे : गोष्टीतल्या दुष्टाचा बडग्या. दोन फुटांची उभी कामटी (बांबूची पट्टी), दीड फुटाची आडवी, सुतळीने फुली बांधा. सुतळी दोन्ही कोनांतून आळीपाळीने घ्यायची, नाहीतर फुली फिरते. जुन्या सदऱ्यात रद्दी भरा, कागदी पिशवीचं डोकं. मग प्रत्येक लेकराने पुस्तकात शोधून त्या पात्राचा एक गुन्हा चिठ्ठीवर लिहून त्याच्या छातीवर टोचायचा. गोष्ट दोनदा-तीनदा वाचल्याशिवाय गुन्हे पुरत नाहीत. बडग्या गोष्टीतल्याच पात्राचा असावा, वर्गातल्या किंवा गल्लीतल्या कुणाचा नाही, हे पहिल्यांदाच स्पष्ट सांगा. तो जाळायची गरज नाही. सोडवून ठेवला तर कामट्या पुढच्या वर्षी कामी येतात.

संत्र्याचा शिरा, बागेच्या गोष्टींसाठी

झाड, फळ, माळी, चोरी अशा गोष्टींना हिवाळ्यात अंबिया बहाराची आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये मृग बहाराची संत्री हाताशी असतात. एक वाटी रवा अर्धी वाटी तुपावर मंद भाजा, दीड वाटी उकळतं पाणी घाला, झाकून वाफ आणा, पाऊण वाटी साखर घाला. रस सगळ्यात शेवटी, आच बंद करायच्या दोन मिनिटं आधी, पाऊण वाटी. दूध घालू नका, रसाने फाटतं.

शिरा कडू झाला की लोक संत्र्याला दोष देतात. कडूपणा बियांतून आणि पांढऱ्या पापुद्र्यातून येतो, तोही रस काढून ठेवल्यावर किंवा उकळल्यावर वाढतो. मिक्सर वापरू नका, बिया भरडल्या जातात. लेकरांना फोडी सोलायला द्या, गर सुटा करू द्या, गाळणीत हाताने दाबून रस काढू द्या आणि तो लगेच वापरा. वास हवा असेल तर साल किसणीवर अलगद, फक्त केशरी भाग. नागपुरी संत्र्याची साल पातळ असते, दुसऱ्यांदा त्याच जागी किसलं की पांढरं येतं. पाव चमचा कीस पुरे, आणि तो साखरेत चोळून घातला तर सगळीकडे सारखा लागतो.

उरलेल्या सालीच्या अर्ध्या वाट्या अख्ख्या निघाल्या असतील तर त्यांच्या पणत्या करा : तळाशी दोन चमचे तेल, कापसाची वात, खाली ताटली. ताज्या सालीतलं तेल ज्वाळेशी तडतडतं, म्हणून साल एक दिवस वाळवून मगच पेटवा. दिवे मालवा आणि गोष्टीतलं रात्रीचं पान त्या उजेडात वाचा.